थोड्या द्रव्यांत खेळाचा संगणक

खेळांसाठीं स्वतः संगणक जुळवावा असें पुष्कळांस वाटतें. परंतु स्वतंत्र ग्राफिक्स कार्डास लागणारें द्रव्य सर्वांच्या घरीं एकदम नसतें. अशा वेळीं ज्यांत ग्राफिक्सचा भाग अंतर्भूत आहे असा प्रोसेसर घेऊन आरंभ करावा व कार्ड मागाहून बसवावें.

उदाहरणार्थ, २०२१ सालीं बाजारांत आलेला एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी पाहा. येथें एका अक्षरानें घात होतो! नुसत्या ५६०० मध्यें हा भाग नाहीं. कार्डावांचून मॉनिटरवर कांहींच दिसत नाहीं.

ह्या भागास स्वतःची मेमरी नसते. तो संगणकाच्या रॅममधूनच आपलें काम भागवितो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेतां ८ जीबीच्या दोन घ्याव्या. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदास जास्तींत जास्त २५.६ जीबी माहिती पुरविते. दोन पट्ट्या योग्य खांचांत बसविल्यास ५१.२ जीबी. तरी नवे, भारी खेळ चित्राची प्रत उतरवूनच खेळावे लागतील, हें आधींच जाणावें.

पॉवर सप्लाय मात्र पुढील कार्डास पुरेल असा आजच घ्यावा. तेथें केलेली काटकसर दुप्पट खर्चाची होते. पुढें कार्ड बसविलें कीं मॉनिटरची केबल मदरबोर्डावरून काढून कार्डास जोडण्यास विसरूं नये.

पालकांसहि विनंति कीं, जें टिकावयाचें त्यावर प्रथम खर्च करावा; कर्ज काढून आज कार्ड घेण्यापेक्षां वर्षभर शिल्लक टाकून घेतलेलें बरें.