रक्ताचे अपोहन आणि मद्याचा पेला

१. प्रश्नाचे स्वरूप

लखनौ शहराच्या दक्षिण भागात, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या मूत्रपिंडविकार विभागात केवळ लखनौचेच नव्हे, तर उत्तर प्रदेशाच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतील रुग्णही येतात. मूत्रपिंडे कायमची निकामी झाली म्हणजे रुग्णापुढे दोन मार्ग उरतात. एक, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून घेणे. दुसरा, यंत्राच्या किंवा उदरपोकळीतील पटलाच्या साह्याने रक्त शुद्ध करीत राहणे. या दुसऱ्या मार्गाला अपोहन म्हणतात. बोलीभाषेत त्याला ‘डायलिसिस’ हेच नाव रूढ आहे.

अपोहनावर असलेला मनुष्य रुग्णालयात राहत नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा तो यंत्राशी जोडला जातो. उरलेले दिवस तो आपल्या घरी, आपल्या माणसांत असतो. लग्नकार्ये, सणवार, मित्रमंडळी हे सारे त्याच्या आयुष्यात पूर्वीसारखेच चालू असते. अशा वेळी त्याच्यापुढे कधी मद्याचा पेला येतो. “क्वचित, थोडेसे घेतले तर काय बिघडले?” हा प्रश्न तो स्वतःला विचारतो, पण डॉक्टरांना विचारण्यास बहुधा संकोचतो. विज्ञानाच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. मद्यपान नीतीच्या दृष्टीने योग्य की अयोग्य, हा विचार येथे केलेला नाही.

२. मूत्रपिंडांचे कार्य

निरोगी मनुष्याच्या दोन मूत्रपिंडांतून दर मिनिटास सुमारे एक लिटर रक्त वाहते. त्यातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पण त्यातील बहुतेक सर्व भाग पुन्हा शोषला जाऊन अवघे दीड ते दोन लिटर मूत्र बाहेर पडते. यूरियासारखी त्याज्य द्रव्ये बाहेर टाकणे, पाणी व क्षार यांचे प्रमाण राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे आणि तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे संप्रेरक तयार करणे, ही त्यांची मुख्य कामे होत. दीर्घकाळचा मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे आहेत.

३. अपोहनाचे तत्त्व

काही पटले अशी असतात की त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून लहान रेणू पार होतात, परंतु मोठे रेणू अडून राहतात. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम याने १८६१ साली या गुणधर्माचा उपयोग करून द्रव्ये वेगळी करण्याची रीत वर्णिली आणि तिला डायलिसिस हे नाव दिले. पुढे जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन या गावी, विलेम कोल्फ या डॉक्टराने १९४३ साली हेच तत्त्व माणसाच्या रक्तास लावले. सॉसेज भरण्यासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपाभोवती गुंडाळली. नळीतून रक्त वाहविले व पिंप क्षारजलात फिरत ठेवले. आरंभीचे रुग्ण वाचले नाहीत. परंतु १९४५ साली एक वृद्ध स्त्री या यंत्रामुळे मृत्यूच्या दारातून परत आली. वारंवार अपोहन करणे मात्र १९६० साली सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर याने रोहिणी व नीला यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी बसविल्यानंतरच शक्य झाले. आपल्या देशात हा उपचार सामान्य जनांच्या कानी पडला तो विशेषतः जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. १९७५ साली त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे अपोहन सुरू झाले. १९७९ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे जीवन याच उपचारावर अवलंबून होते. २०१६ सालापासून प्रधानमंत्री राष्ट्रीय अपोहन कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतूनही गरीब रुग्णांना ही सोय मिळू लागली.

प्रयोग : खऱ्या सेलोफेनच्या (प्लॅस्टिकच्या नव्हे) कागदाची लहान पिशवी करून तीत मीठ व शिजविलेला पातळ स्टार्च यांचे मिश्रण भरावे. पिशवीचे तोंड घट्ट बांधून, ती बाहेरून धुऊन, स्वच्छ पाण्याच्या भांड्यात दोन तास टांगून ठेवावी. नंतर भांड्यातील थोडे पाणी बशीत आटवावे. तळाशी मिठाचा पांढरा थर दिसेल. उरलेल्या पाण्यात आयोडिनचा थेंब टाकला असता निळा रंग येणार नाही. मीठ पार झाले, स्टार्च अडला. हेच अपोहन.

यंत्रात सुमारे चार तास रक्त पटलाच्या एका बाजूने आणि अपोहनद्रव दुसऱ्या बाजूने वाहतो. एका वेळेस सुमारे १२० लिटर अपोहनद्रव खर्च होतो. दाबातील फरकामुळे साठलेले जादा पाणीही काढून घेतले जाते.

४. मद्यार्काचे शरीरात काय होते?

मद्यातील मादक द्रव्य म्हणजे मद्यार्क. मूत्रपिंडे बंद पडल्यामुळे मद्यार्क शरीरात साठून राहत असेल, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. मद्यार्काचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृतात जाळला जातो. श्वास, घाम व मूत्र यांवाटे अल्प भागच बाहेर पडतो. यकृत ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्क जाळू शकते. आपल्याकडील व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम, तर ५ टक्के मद्यार्काच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम मद्यार्क असतो.

शिवाय मद्यार्काचा रेणू लहान असतो. त्याचा रेणुभार ४६, तर यूरियाचा ६०. साहजिकच जे पटल यूरियाला वाट देते ते मद्यार्कालाही देते. तेव्हा अपोहनावरील रुग्णाला खरा धोका मद्यार्क साठण्याचा नाही. मद्याबरोबर जे येते आणि मद्यामुळे जे घडते, त्यात तो आहे.

५. पाण्याचा हिशेब

मद्य घेतल्यावर लघवी अधिक होते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. मूत्राचे प्रमाण कमी ठेवणाऱ्या संप्रेरकाचा स्राव मद्यार्काने मंदावतो, हे त्याचे कारण. यावरूनच ‘बिअरने मूत्रपिंड धुऊन निघते’ अशी समजूत पसरली आहे. परंतु ज्याची मूत्रपिंडे त्या आज्ञेला उत्तरच देऊ शकत नाहीत, त्याच्या शरीरात प्यालेला प्रत्येक थेंब पुढील अपोहनापर्यंत बहुतांशी तसाच राहतो. म्हणून अशा रुग्णास चोवीस तासांत होणाऱ्या लघवीइतके अधिक सुमारे अर्धा लिटर एवढाच द्रव घेण्याची मर्यादा सामान्यतः घालून देतात. त्यात चहा, वरण, ताक, औषधाबरोबरचे पाणी, सारे आले. लघवी अजिबात न होणाऱ्या रुग्णाने बिअरची एक बाटली घेतली, तर दिवसाचा वाटा संपून वर ऋणच उरते.

एक उदाहरण घेऊ. रुग्णाचे शुष्क वजन, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यानंतरचे वजन, ५० किलोग्रॅम आहे. प्रत्येक किलोग्रॅममागे ताशी १० मिलिलिटर या बेताने पाणी काढले, तर चार तासांत २ लिटर निघेल. याहून बरेच अधिक वेगाने काढू लागल्यास रक्तदाब कोसळणे, पेटके येणे आणि हृदयावर ताण पडणे संभवते. आता त्याने ६५० मिलिलिटर बिअर घेतली आणि सोबत खारे दाणे व कबाब खाल्ले, त्यांतून ४.५ ग्रॅम मीठ पोटात गेले. रक्ताशी समान तीव्रता राखण्यासाठी ९ ग्रॅम मिठास सुमारे एक लिटर पाणी लागते. म्हणजे या मिठापायी तहान लागून तो आणखी अर्धा लिटर पाणी पिणार. दोन्ही मिळून ११५० मिलिलिटर झाले. एका संध्याकाळीच पुढील अपोहनाचा निम्म्याहून अधिक वाटा संपला. लखनौत लू वाहू लागली आणि पारा चाळीस अंशांवर गेला, म्हणजे मुळातच असह्य असलेली तहान या मिठाने किती वाढेल याची कल्पना करावी. जादा पाणी फुप्फुसांत उतरले तर रुग्ण गुदमरतो. अपोहनावरील रुग्णाच्या जिवावर बेतणाऱ्या प्रसंगांपैकी हा एक होय.

६. क्षार, साखर आणि औषधे

पोटॅशियम हे हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारे, पण प्रमाणाबाहेर गेल्यास हृदय थांबविणारे द्रव्य आहे. मलिहाबादच्या दशहरी आंब्यांचा हंगाम आला की लखनौच्या रुग्णांना डॉक्टर आवर्जून सावध करतात, ते याच कारणासाठी. व्हिस्कीसारख्या ऊर्ध्वपातित मद्यात पोटॅशियम नगण्य असते. बिअरमध्ये काही असते आणि द्राक्षांच्या तांबड्या मद्यात त्याहून अधिक. बिअरमध्ये फॉस्फरसही असतो; तो साठल्यास हाडे ठिसूळ होतात व रक्तवाहिन्या कठीण बनतात. मात्र व्हिस्कीत फळांचा रस मिसळला, तर पोटॅशियम मागील दाराने आत येते हे विसरू नये.

मधुमेही रुग्णास आणखी एक धोका आहे. इन्शुलिनचा बराचसा नाश मूत्रपिंडात होतो; ती निकामी झाली म्हणजे इन्शुलिनचा परिणाम लांबतो. त्यातच मद्यार्क यकृताच्या साखर तयार करण्याच्या कार्यात अडथळा आणतो. रिकाम्या पोटी घेतलेल्या मद्याने रक्तातील साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपू शकते. आणि पाहणाऱ्यांना वाटते की ही नशाच आहे.

मद्यार्काने रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेतलेल्या किंवा लवकरच अपोहनास बसावयाच्या रुग्णाचा दाब त्यामुळे अधिकच उतरतो. झोपेच्या व वेदनाशामक औषधांची गुंगी मद्याने वाढते. अपोहनाच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. मद्याने जठराचे आवरण दुखावलेले असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. आसवे व अरिष्टे यांतही किण्वनाने तयार झालेला मद्यार्क असतो. तो कधी बारा टक्क्यांपर्यंत असतो. तेव्हा ‘औषध आहे’ म्हणून तीही डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

७. विषारी दारू

जानेवारी २०१५ मध्ये लखनौ जिल्ह्याच्या मलिहाबाद भागात व शेजारच्या उन्नाव जिल्ह्यात विषारी दारूने तीसहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या मालवणी वस्तीत शंभराहून अधिक बळी गेले. अशा दारूतील घातक द्रव्य म्हणजे मेथिल मद्यार्क. यकृतात त्यापासून फॉर्मिक आम्ल बनते. ते दृष्टिमज्जेचा नाश करते व रक्तातील आम्लता वाढविते. या विषबाधेवर एक प्रमुख उपचार अपोहन हाच आहे. कारण मेथिल मद्यार्क व फॉर्मिक आम्ल या दोहोंचे रेणू लहान असल्याने पटलातून पार होतात. म्हणजे रोगमुक्त मनुष्यालाही ही दारू अपोहनयंत्रापाशी आणून सोडते. मग जो आधीच तेथे आहे त्याने तिच्या वाटेस मुळीच जाऊ नये.

८. निष्कर्ष

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले की मद्याचे पूर्णतः निर्धोक असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. म्हणून जो पीत नाही त्याने आरंभ करू नये. यकृताचा विकार, कावीळ ब किंवा क यांचा संसर्ग, दुर्बल हृदय, अनियंत्रित मधुमेह किंवा मद्याचे व्यसन असलेल्या रुग्णास मद्य वर्ज्यच समजावे. व्यसनी मनुष्याने मात्र ते एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. अन्यथा कंप व झटके येण्याचा संभव असतो.

ज्यांना असे काही नाही, अशा रुग्णास क्वचित प्रसंगी अल्प मात्रेची मुभा काही डॉक्टर देतात. ती मिळाली असता पुढील गोष्टी पाळाव्या : पेल्यातील द्रव, सोडा व बर्फ यांसह, दिवसाच्या मर्यादेतच मोजावा; सोबत खारे पदार्थ घेऊ नयेत; रिकाम्या पोटी पिऊ नये; अपोहनाच्या दिवशी व झोपेच्या औषधांबरोबर घेऊ नये; आणि जे घेतले ते अपोहनकक्षातील परिचारिकेस खरे सांगावे. वजनकाट्यावर पाणी दिसते, पण ते कोठून आले हे काटा सांगत नाही. लाजेपोटी लपविलेली गोष्ट उपचार चुकवू शकते. घरच्या मंडळींनीही दोष देण्याऐवजी विचारपूस करावी, आणि यजमानांनी अशा पाहुण्यास आग्रह करू नये. अपोहनावरील मनुष्य इतरांप्रमाणेच आनंदाचा अधिकारी आहे. मात्र त्याच्या शरीरातील पाण्याचा हिशेब दुसरे कोणी ठेवू शकत नाही. तो त्याला स्वतःच ठेवावा लागतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मूत्रपिंडे निकामी झाली असता मद्यार्क शरीरात साठत नाही, याचे कारण सांगा.
२. ६० किलोग्रॅम शुष्क वजनाच्या रुग्णाचे, ताशी प्रतिकिलोग्रॅम १० मिलिलिटर या बेताने, चार तासांत किती पाणी काढता येईल?
३. ३ ग्रॅम मिठामुळे शरीर सुमारे किती पाणी धरून ठेवील?
४. मेथिल मद्यार्काच्या विषबाधेत अपोहन उपयोगी का पडते?
५. बिअरने मूत्रपिंड स्वच्छ होते, ही समजूत अपोहनावरील रुग्णाच्या बाबतीत का लागू पडत नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.