दुखत नव्हतं, म्हणूनच भाजलं

तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी छातीवर ठेवली, तेव्हा तिथं काहीच जाणवलं नाही. चटका नाही, ऊबसुद्धा नाही. मला वाटलं, मीठ नीट तापलंच नाही. म्हणून नणंदेनं पुन्हा तापवून दिलं. सकाळी पोरगी पट्टी बघायला आली आणि जागच्या जागी थिजली. टाक्यांच्या खाली रुपयाएवढे तीन फोड टम्म फुगले होते. रात्रभर मी शांत झोपले होते.

माझं लोह्यात शिवणाचं दुकान आहे. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडला माझं ऑपरेशन झालं. कॅन्सरची गाठ होती, म्हणून डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलं, त्यामुळं खर्चाचा घोर नव्हता. घरी आले ती एक नळी आणि तिला जोडलेला डबा घेऊन. कातडीखाली साचणारं रक्त-पाणी त्यातून बाहेर येतं. रोज सकाळी डबा मोकळा करायचा आणि किती मिलिलिटर भरलं ते लिहायचं. गिऱ्हाइकांची मापं लिहायची वहीच मी त्याला लावली. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर पाणी येत गेलं. चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या आत यायला लागलं, तेव्हा अकराव्या दिवशी नळी काढली.

काळंनिळं पडणं काय असतं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पट्टी उघडली तर बरगड्यांवर जांभळ्या शाईची दौत सांडल्यासारखं दिसत होतं. चार दिवसांनी ते कमरेपर्यंत उतरलं. मी घाबरले, आजार पसरला म्हणून रडलेही. खरं तर साधी गोष्ट होती. बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर आलेलं रक्त आपण उठतो-बसतो तसं खाली ओघळतं. मग शरीर ते जिरवत जातं, तसा जांभळ्याचा हिरवट, हिरवटाचा पिवळा होतो. दोन-तीन आठवड्यांत माझ्या अंगावरून तो रंग गेला. पिवळेपणा दिसला की समजावं, जखम उतरणीला लागली.

नळी निघाल्यावर मात्र काखेखाली सूज आली. दाबलं की पाण्याच्या पिशवीसारखं हलायचं. त्याच आठवड्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली. यात्रेच्या दिवसांत आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. अहमदपूरहून नणंद आली. सूज बघून म्हणाली, "वहिनी, असं गार अंग घेऊन बसल्यावर सूज कशी उतरंल? शेकून घ्या."

मला ते पटलं, कारण वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई सारखी म्हणायची, "आपल्याला पुढं शेक घ्यावा लागतो." ती किरणोपचाराबद्दल बोलत होती. लाईटच्या उपचाराला तिथल्या बाया शेकच म्हणत होत्या. मी ऐकला तो चुलीवरचा शेक.

फोड घेऊन नांदेड गाठलं. डॉक्टरांनी रागावण्याआधी एक गोष्ट केली. डोळे मिटायला सांगून दंडाच्या आतल्या बाजूला आणि टाक्यांच्या भोवती कापसानं स्पर्श केला. मला एकदाही कळलं नाही. ऑपरेशनमध्ये कातडीला जाणीव देणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात, काखेतून दंडाकडं जाणारी नसही दुखावते. ती कातडी जिवंत असते, पण बधिर असते. चटका बसला तरी ती ओरडत नाही. सुजेचं पाणी त्यांनी सिरिंजनं काढलं, दोन मिनिटांत. आमच्या शेकण्यानं त्यातला थेंबही कमी झाला नव्हता. फोडांच्या जखमा भरायला तीन आठवडे लागले आणि तेवढी माझी केमो पुढं ढकलली गेली.

नणंदेला मी कधी दोष दिला नाही. बाळंतिणीला शेक, कंबरेला शेक, मुरगळलेल्या पायाला शेक, हेच आपण बघत आलो. पण या सगळ्यांत कातडी शाबूत असते, चटका बसला की हात आपोआप मागं येतो. माझ्या छातीला ती सोय राहिली नव्हती. म्हणून माझ्यासारख्या बायांना आणि त्यांच्या घरच्यांना चार गोष्टी सांगते.

ऑपरेशनच्या जागी शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको, अंघोळीचं पाणीसुद्धा चांगल्या हातानं पारखून घ्यावं. बर्फही मनानं लावू नये. बधिर कातडी बर्फानंही करपते. डॉक्टरांनी सांगितलाच तर कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं, मध्ये कातडी बघत. हळदीचा लेपही टाळावा. आमच्या भागात हळद घरोघरी, म्हणून मोह होतो. पण उघड्या टाक्यांना घरची पूड नको, आणि पिवळ्या लेपाखाली जखम लाल झाली तरी दिसत नाही. जिथं दुखणं कळत नाही, तिथं रंग बघणं एवढंच हातात उरतं.

मेडिकलमधून स्वतःच्या मनानं वेदनाशामक गोळी आणू नये. काही गोळ्यांनी रक्त पातळ होतं आणि काळंनिळं वाढतं. ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

हात उशीवर, काळजापेक्षा थोडा उंच ठेवून झोपावं. मूठ उघडायची, मिटायची, एवढा व्यायाम मला दुसऱ्याच दिवशी सांगितला होता. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम नळी निघाल्यावर, विचारून. हात अजिबात न हलवता जपून ठेवला तर खांदा आखडतो. मात्र हंडा, कळशी, नातू, काही दिवस काहीच उचलायचं नाही. गाडीत बसताना काखेत मऊ उशी धरावी. लोहा ते नांदेड रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मला त्या उशीनं सोसवला.

कपड्यांचं तर मी माझ्या धंद्यातून सांगते. डोक्यावरून घालायचं काही नको. पुढून बटणाचा, मऊ सुती, काखेत दोन बोटं सैल ब्लाऊज शिवून घ्यावा. त्या हातात घट्ट बांगड्या भरू नयेत. रक्तदाब आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला.

कारण काखेतल्या गाठी काढल्यावर हाताची सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीही येऊ शकते. मी दर महिन्याच्या एक तारखेला टेप घेऊन मनगट, कोपराच्या खाली आणि दंड, दोन्ही हातांची मापं घेते. जागा ठरलेल्या. दोन हातांत दोन सेंटिमीटरच्या वर फरक पडला की दवाखाना गाठायचा. कापूस वेचताना, काटे काढताना त्या हातात मोजा घालावा. छोटी चीरही साबणानं धुवावी.

आणि थांबायचं नाही, ते कधी? पहिल्या एक-दोन दिवसांत सूज एकदम वाढून टणक झाली, डबा लालभडक रक्तानं भरायला लागला, तर रात्र असली तरी निघावं. पुढं कधीही १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू, घाण वास. पोटरी एकाच बाजूची सुजली किंवा एकाएकी दम लागला तर तासही घालवू नये. "दुखत तर नाही" हे उत्तर यातल्या कशालाच चालत नाही.

केमो झाली, किरणोपचारही झाले. तो खरा शेक घेताना मी मनात हसले होते. परवा सोनखेडकडची एक बाई ब्लाऊजचं माप द्यायला दुकानात आली. पदर एका बाजूला जरा जास्तच ओढून घेतला होता. मी दार लोटलं, टेप गळ्यात घातली आणि मापाच्या आधी विचारलं, "माय, घरी शेक तर दिला नाही ना कुणी?"

तिनं चमकून बघितलं. "आजच सासूबाई म्हणायल्या होत्या."

मी टेप बाजूला ठेवली आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं.