साठीजवळ आल्यावर वेणी कापावी का?

प्रश्न : चांदूर बाजारच्या ५८ वर्षांच्या एका वाचक भगिनीची वेणी पातळ झाली आहे. मुलगी म्हणते, खांद्यापर्यंत काप. शेजारच्या बाया म्हणतात, या वयात बाईनं केस कापू नये. कुणाचं ऐकावं?

उत्तर : केस कापायला वयाची अट नाही. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तो किती लांब होणार, हे त्याच्या वाढीचा काळ ठरवतो. हा काळ काही वर्षांचा असतो. वयाबरोबर हा काळ आखडतो, पाळी गेल्यावर केसाची जाडीही घटते. म्हणून वेणीचा शेंडा उंदराच्या शेपटीसारखा होतो. खांद्यापर्यंत कापले की तेच केस भरगच्च दिसतात आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात धुणं-वाळवणंही सोपं जातं. मात्र कापल्यानं केस दाट उगवतात, हे खोटं. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं, कात्री तिथं पोचत नाही.

केस अचानक मुठीनं गळत असतील, तर कात्रीआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं.

बाईच्या कापलेल्या केसांची धास्ती जुनी आहे. कारण पूर्वी विधवांचं केशवपन सक्तीनं होई. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी त्याविरुद्ध संप केला. ती सक्ती आणि आपल्या मनानं कापलेले केस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. इंदिरा गांधींनी पांढरी बट मिरवत, आखूड केसांनीच देश चालवला.

लांब वेणीच आवडत असेल, तर तीही खुशाल ठेवावी. फक्त अंबाडा ओढून घट्ट बांधू नये. त्यानं कपाळाकडचे केस विरळ होतात.