दुर्बल मनोव्यापारांची जोपासना

मनुष्य आपल्या सर्व मानसिक शक्ती सारख्या प्रमाणात वापरीत नाही. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा असे चार मनोव्यापार मानले. यांतील एक प्रबळ झाला की त्याच्या विरुद्ध टोकाचा मागे पडतो. अंतःप्रज्ञा बलवान असेल तर संवेदन, म्हणजे इंद्रियांना जाणवणाऱ्या वास्तवाचे भान, दुबळे राहते. अशा दुबळ्या व्यापारावर थेट हल्ला करू नये. साहाय्यक व्यापाराच्या वाटेने त्याच्याकडे जावे, असे युंग यांचे मत होते.

पुढील उदाहरण युंग यांचे नव्हे, आमचे आहे. मद्रासमध्ये (आजच्या चेन्नईत) श्रीनिवास रामानुजन १९१२ साली पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. गणितापायी इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने महाविद्यालयीन परीक्षेत ते नापास झाले होते. सूत्रे त्यांना स्फुरत. सिद्धता मात्र क्वचितच लिहिलेली असे. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र पाठविले. त्यातील बरीच सूत्रे विलक्षण होती, पण अविभाज्य संख्यांविषयीचे त्यांचे प्रतिपादन चुकले होते.

१९१४ साली रामानुजन केंब्रिजला पोहोचले तेव्हा हार्डी यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला. काटेकोर सिद्धतेची शिस्त शिकवावी, तर ती प्रतिभाच आटण्याची भीती. न शिकवावी, तर चुका तशाच राहणार. हार्डी यांनी पाठ्यक्रम लादला नाही. एकत्र काम करता करता जेवढे आवश्यक तेवढेच ते सांगत गेले, आणि आपणच त्यांच्याकडून अधिक शिकलो, असे पुढे त्यांनी नमूद केले. अंतःप्रज्ञेला विचाराची जोड अशी मिळाली. संख्यांच्या विभाजनांवरील १९१८ चा संयुक्त निबंध हे तिचे फळ. २०० या संख्येची विभाजने ३९,७२,९९,९०,२९,३८८ होतात; त्यांच्या सूत्राची मोजकी पदे घेतली तरी उत्तर या आकड्याच्या अगदी निकट येते.

तिसरा टप्पा मात्र राहून गेला. थंडी, युद्धकाळात शाकाहारी अन्नाची टंचाई, स्वयंपाक व झोपेच्या अवेळा यांकडे बरेचसे दुर्लक्षच राहिले. (अर्थात या दुर्लक्षानेच आजार झाला, असे म्हणता येणार नाही. शिवाय युंग यांच्या प्रकारांना प्रायोगिक आधार फारसा भक्कम नाही. निदान म्हणून ते वापरू नयेत.) १९१९ साली ते आजारी अवस्थेत परतले. जानेवारी १९२० मध्ये मद्रासहून हार्डींना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी नव्या ‘आभासी थीटा’ फलांची उदाहरणे दिली. २६ एप्रिलला चेटपेट येथे त्यांचे निधन झाले. त्या फलांचे मर्म उलगडण्यास २००२ साल उजाडावे लागले.