बगळ्यांच्या बेटावर एक दिवस



सहल म्हटली की आपल्याला बस, डबा आणि गाण्याच्या भेंड्या आठवतात. या पाठात आपण जरा दूरची सहल करणार आहोत, तीही नकाशावरची. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात एका दिवसात, वाटाड्याबरोबर, काय काय पाहता येते ते आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्रमाने पाहू. निळा समुद्र पाहायला वाटाड्या लागत नाही. पण समोरचे झाड इथलेच की बाहेरून आणलेले, फांदीवरचे कबुतर साधे की जगात फक्त याच देशात आढळणारे, हे सांगणारे कुणी नसेल तर आपण पाहूनही काही पाहिले नाही, असे होते. म्हणून तेथे काही ठिकाणी वाटाड्याशिवाय जाताच येत नाही.

नकाशा उघडा

आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे मोठे बेट सापडले ना? त्याच्याही पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर, २० अंश दक्षिण अक्षांशाजवळ, एक ठिपका दिसेल. तोच मॉरिशस. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा तेथे नऊ वाजलेले असतात. आपण डिसेंबरात स्वेटर घालतो, तेव्हा तेथे उन्हाळा असतो.

या ठिपक्याशी आपले एक जुने नातेही आहे. माळव्याची काळी माती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झाली, हे आपण भूगोलात शिकतो. पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण जागेवरून तो लाव्हा वर आला, तिच्यावरून भारताची भूमी हळूहळू उत्तरेकडे सरकत गेली. त्याच उष्ण जागेवर पुढे मॉरिशस आणि त्याच्या शेजारचे रियुनियन ही बेटे समुद्रातून वर आली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे तेथला काळा दगड आणि आपला काळा दगड एकाच चुलीवरचे!

मॉरिशस वर आला सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, आणि तोही भर समुद्रात. त्यामुळे उडत, तरंगत किंवा वाहत जे येऊ शकले तेवढेच जीव तेथे पोचले. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तेथे नव्हता. मांजर नाही, उंदीर नाही, माकड नाही. शत्रूच नसल्याने काही पक्षी उडणेही विसरले. ही गोष्ट लक्षात ठेवा, दिवसभर ती उपयोगी पडणार आहे.

सकाळ : प्रवाळाचे बेट

सहल सुरू होते माएबूर गावाजवळच्या किनाऱ्यावरून. होडीने थोड्याच मिनिटांत आपण ईल ओ एग्रेत या छोट्या बेटावर पोचतो. या फ्रेंच नावाचा अर्थ 'बगळ्यांचे बेट'. क्षेत्रफळ अवघे २६ हेक्टर. मोठे बेट ज्वालामुखीचे, पण हे बेट प्रवाळांपासून झालेल्या चुनखडीचे. पायाखालच्या खडकात जुन्या प्रवाळांच्या खुणा दिसतात. बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश तोफाही आहेत.

१९६५ साली हे बेट राखीव झाले. पुढे १९८४ साली स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने त्याची देखभाल हाती घेतली. त्या वेळी बेटाची दशा वाईट होती. आबनुसाची झाडे सरपणासाठी तोडली गेली होती, बाहेरून आलेल्या झुडपांनी जागा व्यापली होती आणि उंदरांचा सुळसुळाट होता. काम करणाऱ्यांनी परकी झुडपे हातांनी उपटली. १९९१ साली बेट उंदरांपासून मुक्त झाले. देशी झाडांची रोपवाटिका उभी राहिली आणि हजारो रोपे लावली गेली. आज वाटाड्या ज्या सावलीतून आपल्याला नेतो, त्यातली बरीच सावली माणसांनी परत आणलेली आहे.

वाटाड्या चालता चालता थांबतो आणि बोट दाखवतो. फांदीवर फिकट गुलाबी छातीचे आणि तांबूस शेपटीचे एक कबुतर बसलेले असते. हेच ते गुलाबी कबुतर. १९९० च्या सुमारास रानात अशी फक्त दहाच्या आसपास कबुतरे उरली होती. जंगल तुटले होते, आणि अंडी-पिल्ले उंदीर, माकडे व मांजरांच्या तोंडी जात होती. मग पिंजऱ्यात जोड्या वाढवून त्यांची पिल्ले रानात सोडण्यात आली. १९९४ पासून या बेटावरही ती सोडली गेली. आज रानातील त्यांची संख्या काहीशे आहे, आणि २०१८ साली या पक्ष्याला धोक्याच्या यादीत एक पायरी खाली आणण्यात आले. तरीही सगळी कबुतरे मूळच्या मोजक्या पक्ष्यांचीच वंशज असल्याने रोगांपुढे ती नाजूक आहेत. म्हणून त्यांच्यावर नजर ठेवावी लागते.

कासवाची माळीगिरी

पुढे वाटेतच एक भलेमोठे कासव आडवे येते. घाई त्याला नाही, आपल्यालाही नसावी. हे आल्डाब्रा जातीचे कासव. याचा नर अडीचशे किलोंपर्यंत वाढतो. पण हे मूळचे इथले नव्हे, सेशेल्स देशातले. मॉरिशसची स्वतःची दोन जातींची महाकाय कासवे होती. जहाजांवरचे खलाशी ती शेकडोंनी उचलून नेत, कारण ती अन्नाशिवाय बराच काळ जिवंत राहत आणि ताजे मांस मिळे. शेवटी दोन्ही जाती नष्ट झाल्या.

कासवे गेली आणि आबनुसाचीही अडचण झाली. या बेटावरचा आबनूस आपल्या तेंदूचा, म्हणजे टेंभुर्णीचा, सख्खा नातेवाईक आहे. दोघेही एकाच कुळातले. त्याची फळे झाडाखाली पडत आणि तेथेच राहत. ती खाऊन बी दूर टाकणारे कुणी उरले नव्हते. २००० साली येथे आल्डाब्रा कासवे आणून पाहण्यात आली. त्यांनी फळे खाल्ली आणि बिया विष्ठेतून बेटभर पसरल्या. एवढेच नव्हे, तर कासवाच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते, असेही शास्त्रज्ञांना आढळले. गेलेली जात परत आणता येत नाही. पण तिचे काम दुसऱ्या जातीकडून करून घेता येते, हा या बेटावरचा मोठा धडा.

झुडपात आणखीही कुणी सळसळते. ती टेलफेअरची सापसुरळी असते. झाडाच्या बुंध्यावर हिरवी-निळी देखणी पालही दिसते. आपल्या घरातली पाल रात्री हिंडते, ही मात्र दिवसा. ती फुलांतला मधही चाटते.

दुपार : गाव, जेवण आणि अळवाचे डबके

दुपारी माएबूर गावात जेवण. गाडीवर 'धोल पुरी' मिळते. डाळ भरून लाटलेली मऊ पोळी आणि वर रस्सा. पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा ना! ती तेथे कशी पोचली? १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख माणसे गेली, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुई येथील ज्या घाटावर ती उतरली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकवली जाते. आपल्यासारखीच तीही महाराष्ट्राबाहेर रुजलेली मराठी माणसे.

गावापासून जवळच 'मार ओ साँज' ही दलदलीची जागा आहे. तेथील बोलीत साँज म्हणजे अळू, म्हणून हे झाले अळवाचे डबके. या डबक्याची कथा एका शिक्षकाची आहे. जॉर्ज क्लार्क हे माएबूरच्या शाळेत शिकवत आणि वर्षानुवर्षे डोडो पक्ष्याची हाडे शोधत. १८६५ साली त्यांनी मजुरांना या दलदलीत उतरवले. मजुरांनी चिखलात पायांनी चाचपडत हाडे शोधून काढली. आज जगातील अनेक संग्रहालयांत जी डोडोची हाडे आहेत, त्यांतली बरीचशी या डबक्यातली.

डोडो हा कबुतराच्याच कुळातला, पण उडता न येणारा मोठा पक्षी. १५९८ साली डच खलाशी याच परिसरातल्या उपसागरात उतरले. डोडोला माणसाची भीती ठाऊकच नव्हती. जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे जमिनीवरची अंडी खाऊ लागली. तो अखेरचा दिसल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली नोंद १६६२ सालची आहे. हिशेब करा : १६६२ वजा १५९८, अवघी ६४ वर्षे. आपल्या आजोबांच्या वयाएवढी!

तिसरा प्रहर : फेर्नेची दरी

माएबूरच्या उत्तरेला बांबूस नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी फेर्नेची दरी. येथेही वाटाड्याबरोबर पायी फिरायचे असते. २००० च्या दशकात या दरीतून मोठा रस्ता काढण्याचे ठरले होते. नागरिकांनी विरोध केला, दुर्मिळ देशी झाडे असल्याचे दाखवून दिले आणि रस्त्याचा तो मार्ग रद्द झाला. मॉरिशसचे मूळचे चांगले जंगल आज २ टक्क्यांहूनही कमी उरले आहे. म्हणून अशी प्रत्येक दरी मोलाची.

येथे आकाशाकडे लक्ष ठेवायचे. नशीब असेल तर ससाण्याच्या कुळातला एक छोटा, तपकिरी पाठीचा आणि ठिपकेदार पोटाचा शिकारी पक्षी, मॉरिशस केस्ट्रेल, दिसतो. १९७४ साली रानात असे फक्त चार पक्षी माहीत होते. जंगलतोड आणि डीडीटीची फवारणी, दोन्हींनी त्याचा घात केला होता. १९७९ साली कार्ल जोन्स हे तरुण शास्त्रज्ञ तेथे आले. त्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून यंत्रात उबवली. मादीने मग पुन्हा अंडी घातली, आणि एका हंगामात दुप्पट पिल्ले मिळाली. १९८७ पासून या बांबूस डोंगरांत पिल्ले सोडण्यात आली. पुढे पक्षी काहीशेपर्यंत वाढले. मात्र २०१४ मध्ये त्यांची घट लक्षात घेऊन त्यांना धोक्याच्या यादीत पुन्हा वर न्यावे लागले. म्हणजे काम संपलेले नाही.

वाटेत दिसणाऱ्या काही ओळखीच्या प्राण्यांबद्दलही वाटाड्या सांगतो. साळुंकी, लाल गालाचा बुलबुल आणि मुंगूस हे तिघेही तेथे माणसाने नेलेले. मुंगूस तर उंदीर मारायला आणले, पण ते पक्ष्यांवरही हात मारू लागले. आपल्या अंगणात जो शोभतो, तोच दुसऱ्याच्या घरात उपद्रवी ठरू शकतो.

२०२० सालचे संकट

२५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे मोठे मालवाहू जहाज याच किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या कड्यावर रुतले. ६ ऑगस्टपासून त्यातले सुमारे एक हजार टन तेल समुद्रात पसरले आणि ईल ओ एग्रेतच्या काठालाही लागले. तीस-पस्तीस वर्षांची मेहनत धोक्यात आली. बेटावरचे काही पक्षी आणि रोपवाटिकेतली रोपे घाईने मोठ्या बेटावर हलवली गेली. गावोगावची माणसे किनाऱ्यावर धावली. त्यांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले आणि तेल अडवायला त्या पाण्यात सोडल्या. ज्या उसासाठी बेटाचे जंगल गेले, त्याच उसाचे पाचट त्या दिवशी बेटाच्या कामी आले.

संध्याकाळी हिशेब

परतताना वाटाड्याचे नियम आठवून पाहू. वाट सोडायची नाही. फूल, शंख, दगड काही उचलायचे नाही. प्राण्यांना खाऊ घालायचे नाही. सुरुवातीला हे जाचक वाटतात. पण २६ हेक्टरच्या बेटावर एक रोप तुडवले तर ते दुसरीकडून आणायला जागाच नाही, आणि बुटाला चिकटून आलेले एक परके बी उपटायला पुढे कित्येक हात लागतात. मोडायला ६४ वर्षे पुरली. सावरायला आतापर्यंत ४० वर्षे लागली आहेत, आणि तरी डोडो परत आला नाही. म्हणून हा नियम इथेही लागू : जे आहे ते असतानाच ओळखावे, त्याचे नाव माहीत करून घ्यावे. ज्याचे नावच आपल्याला ठाऊक नाही, ते गेले तरी आपल्याला कळणार नाही.

स्वाध्याय

१. मॉरिशसवर मूळचे सस्तन प्राणी फारसे का नव्हते? त्याचा डोडोवर काय परिणाम झाला?

२. आल्डाब्रा कासव मूळचे तेथले नसूनही बेटावर का आणले? मुंगूस आणणे आणि कासव आणणे यांत फरक काय?

३. उपक्रम : शाळेच्या आवारातील दहा झाडे-झुडपे ओळखा. आजी-आजोबांना आणि माळीकाकांना त्यांची नावे विचारा. मूळचे इथले आणि बाहेरून आलेले असे दोन रकाने करा. एक मदत आम्ही करतो : गाजरगवत आणि घाणेरी अमेरिकेकडून आलेली, आणि आपला लाडका गुलमोहर मॉरिशसच्या शेजारचा, मादागास्करचा! यांतले कोण पाहुण्यासारखे राहते आणि कोण घर बळकावते, हे वर्गात चर्चा करून ठरवा.