बैलाची लाळ गळते, पण कशाने?



गळीत हंगाम सुरू झाला की गाडीतळावर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "साहेब, बैल लाळ गाळतोय, खुरकूत आली." पुष्कळदा ते खरं असतं. पण लाळ गळणे हा रोग नव्हे, ती खूण आहे. आणि एकाच खुणेमागे चार-पाच निरनिराळी कारणं असू शकतात. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर बैल जातो, आणि एखाद्या वेळी माणसावरही बेततं. आम्ही जनावरांचे डॉक्टर नव्हे, आमची पदविका शेतकीची. तरीही ऊसवाहतुकीच्या बैलांत इतकी वर्षं काढल्यावर जे पाहिलं आणि डॉक्टरांकडून शिकलो, ते सांगणं आमचं काम आहे.

बैलाच्या कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या ग्रंथी असतात. मोठं जनावर दिवसाकाठी शंभर लिटरच्या वर लाळ तयार करतं. ऐकून नवल वाटेल, पण ही सगळी लाळ ते गिळतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. तिच्यात खायच्या सोड्यासारखा क्षार असतो, त्याने कोठीपोटातला आंबटपणा मरतो आणि चारा पचतो. वैरण कोरडी आणि लांब असेल तर रवंथ जास्त, आणि रवंथ जास्त तर लाळही जास्त.

आता कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर रस्त्यावर गाड्यांची रांग दोन कारणांनी लागते. एक तर आवक वाढली, नाहीतर गव्हाण बंद पडली. लाळेचंही तसंच. ग्रंथी जादा लाळ सोडत असतील किंवा बैलाला गिळता येत नसेल. पहिला प्रश्न हाच विचारायचा : याला गिळता येतंय का?

आवक वाढण्याचं मोठं कारण आपल्याच घरात असतं. ते म्हणजे कीटकनाशक. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट ही औषधं एकाच कुळातली. हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षं वापरलेलं फोरेटही त्यातलंच. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, पण जुनी पिशवी अजून एखाद्याच्या माळ्यावर सापडते. हे विष अंगात गेलं की ग्रंथींना मज्जातंतूंकडून मिळणारा हुकूम थांबतच नाही. पातळ, फेसाळ लाळ वाहते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या बारीक होतात, पातळ शेण आणि लघवी वारंवार होते, अंगावरची कातडी थरथरते, श्वास लागतो. फवारलेल्या बांधावरचं गवत, औषध कालवलेली बादली, गोचिडासाठी अंगाला चोळलेलं पिकावरचं औषध, अशा वाटांनी हे होतं. (गोचिडाला शेतातलं औषध चोळू नका, हे आम्ही किती वेळा सांगितलं असेल!) याला उतारा आहे : अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन. ते डॉक्टरच देतात, आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. डॉक्टर येईपर्यंत हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून साबणपाण्याने अंग धुवावं, डबा किंवा पिशवी दाखवायला जपून ठेवावी. तेल, दूध, ताक काही पाजू नये.

गव्हाण बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लाळ्या-खुरकूत. ताप येतो, तोंडाची मचमच होते, दोरीसारखी चिकट लाळ लोंबते, जिभेवर आणि हिरड्यांवर फोड येऊन फुटतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. एका गाडीवरून सगळा तळ लंगडू लागतो, कारण सगळे बैल एकाच हौदावर पाणी पितात. रोग विषाणूचा, त्यावर नेमकं औषध नाही. तोंड तुरटीच्या पाण्याने धुवावं (1 लिटर पाण्यात 20 ग्रॅम), जिभेला बोरोग्लिसरीन लावावं, खुरं धुवून माशांपासून राखावीत, मऊ चारा द्यावा. बैल खायला लागला म्हणून लगेच जुंपू नये. या रोगातून उठलेली काही जनावरं पुढे उन्हात धापा टाकतात, ती ओढकामाला कायमची कमी पडतात.

एकाच बैलाची लाळ गळत असेल, ताप नसेल, मान लांब ताणली असेल, ठसका येत असेल आणि डाव्या बाजूने पोट फुगत असेल तर घशात टिपरं किंवा आंब्याची कोय अडकलेली असू शकते. अशा वेळी बांबूच्या नळीने तेल पाजण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडा. खाली वाट बंद, मग तेल जातं फुप्फुसात.

आणि इथेच आमची मोठी चूक झाली होती, ती लपवत नाही. एका हंगामात तळावर एका गाडीवानाचा बैल असाच उभा होता. लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, पाणी गिळवत नाही. सगळे म्हणाले, टिपरं अडकलं. चौघांनी घशात हात घातला, त्यांत आम्ही एक. काही सापडलं नाही. संध्याकाळी बैल घोगऱ्या आवाजात सारखा हंबरू लागला, मागचे पाय लटपटू लागले. तेव्हा गाडीवानाच्या पोरीला आठवलं : दीड महिन्यापूर्वी कोपीवर एक कुत्रं बैलाच्या नाकाडाला चावून गेलं होतं. रेबीज! बैल चौथ्या दिवशी मेला. आम्ही चौघांनी सरकारी दवाखान्यात सगळी इंजेक्शनं घेतली. त्यांतल्या एकाच्या बोटाला कोयत्याची ताजी जखम होती. ते दिवस त्याच्या घरच्यांनी कसे काढले, ते आम्ही पाहिलं आहे.

तेव्हा गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही. आधी कुत्रं चावल्याची चौकशी करायची, मग डॉक्टरांना बोलवायचं. लाळ हाताला लागलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बैलात लक्षणं दिसल्यावर रेबीजला इलाज नाही. माणसाला वेळीच लस मिळाली तर तो वाचतो.

गळ्याखाली गरम सूज, कडक ताप आणि श्वासाची घरघर असेल तर तो घटसर्प. त्यात एका दिवसात जनावर जातं, रात्र काढू नये. जीभच लाकडासारखी कडक झाली असेल तर तो जंतूंचा वेगळा रोग आहे. वैरणीच्या काड्यांनी झालेल्या जखमेतून तो शिरतो आणि आयोडीनच्या औषधाने बरा होतो.

खुद्द ग्रंथीची नळी फुटल्याचं एक उदाहरण गेल्या वर्षी पाहिलं. जोडीदाराचं शिंग लागून बैलाच्या गालाला जखम झाली. दोन महिने हळद लावून झाली, जखम भरेना. चारा खायला लागला की तिच्यातून निवळ पाणी ठिबकायचं, खाणं थांबलं की थांबायचं. मालकाला तो पू वाटत होता. ती लाळ होती. वाट तोंडात जायची ती गालातून निघाली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून नळी बांधली, तेव्हा ती जखम मिटली.

वयस्कर सभासदांना बुळकांडी आठवत असेल. तिच्यातही अशीच लाळ गळायची. लसीच्या जोरावर 2006 साली आपला देश आणि 2011 साली सारं जग त्या रोगातून मुक्त झालं. लाळ्या-खुरकूतीची लस 2019 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते, दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. वाहतुकीचे करार करताना आपल्या गटाच्या चिटबॉयकडे बैलांच्या कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक आणि लस टोचल्याची तारीख लिहून द्यावी. ज्यांची राहिली असेल त्यांनी मोळी टाकण्याआधी निदान तीन आठवडे टोचून घ्यावी, कारण लस अंगी लागायला तेवढे दिवस जातात.