बी घरात रुजवा, रोप उजेडात वाढवा

प्रश्न : आमचे घर वरठीला, भंडारा रोड स्टेशनजवळ आहे. घरामागच्या वाडीत उन्हाळी मिरची, टमाटर, वांगी आणि दोडके लावायचे आहेत. थंडीमुळे बाहेर बी लवकर उगवत नाही, म्हणून रोपे घरातच तयार करायचे ठरवले आहे. शेजारच्या काकू म्हणतात, बी ओल्या फडक्यात बांधून ठेवा. पुतण्या म्हणतो, खाचांचा ट्रे आणि कोकोपीट आणा. सासूबाईंचे म्हणणे, घमेल्यात माती भरून बी टाका, पुरे झाले. यातली चांगली पद्धत कोणती? आणि घरात उगवलेली रोपे लांबुडकी होऊन आडवी का पडतात?
— एक वाचक भगिनी, वरठी (ता. मोहाडी, जि. भंडारा)

उत्तर : ताई, तुमच्या घरातल्या आणि शेजारच्या तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, फक्त प्रत्येक सल्ला वेगळ्या पिकाला लागू पडतो. दोडक्याला जे मानवते ते टमाटरला लागत नाही, आणि टमाटरला जे चालते ते दोडक्याला सोसत नाही. त्यामुळे आधी पीक पाहायचे आणि मग पद्धत ठरवायची.

त्याहीआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बी उगवणे आणि रोप वाढणे ही दोन वेगळी कामे आहेत. उगवायला ऊब, ओल आणि हवा लागते. या तीन गोष्टी घरात चांगल्या मिळतात. वाढायला मात्र भरपूर उजेड लागतो आणि तो घरात मिळत नाही. तुमची रोपे आडवी पडतात त्याचे मूळ बहुधा इथेच आहे.

ऊब किती हवी?

कॅलिफोर्निया विद्यापीठातील बीजतज्ज्ञ जे. एफ. हॅरिंग्टन यांनी वेगवेगळ्या तापमानांना भाज्यांचे बी किती दिवसांत उगवते याच्या नोंदी केल्या. त्या आजही जगभर वापरल्या जातात. त्यांच्या नोंदींनुसार मातीचे तापमान १५ अंश सेल्सिअस असेल तर टमाटरला सुमारे १४ दिवस आणि मिरचीला सुमारे २५ दिवस लागतात. तेच तापमान २५ अंश असेल तर टमाटर ६ दिवसांत आणि मिरची ८ ते ९ दिवसांत वर येते. १० अंशांना टमाटर सव्वा महिन्याहून जास्त वेळ घेतो, मिरची तर उगवतच नाही.

भंडाऱ्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आठवल्या की घरात बी रुजवण्याचा तुमचा विचार योग्य का आहे ते कळते. बी मातीत तीन-तीन आठवडे पडून राहिले तर ते कुजते किंवा मुंग्या नेतात. म्हणून उगवेपर्यंत भांडे घरातल्या उबदार जागी, झाकून ठेवा. मोठ्या रोपवाटिकांतही बी पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतात आणि कोंब दिसू लागले की लगेच सुटे करून मांडतात.

पद्धत पहिली : ओले फडके

मटकीला मोड आणतो तीच ही रीत. बीजपरीक्षण प्रयोगशाळेतही ओल्या कागदात बी गुंडाळून उगवण मोजतात. घरी या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग बी पारखण्यासाठी होतो. मागच्या वर्षीचे मिरचीचे बी असेल तर २० दाणे ओल्या फडक्यात ठेवा. दोन आठवड्यांत १५ उगवले तर निश्चिंत पेरा, ५ उगवले तर नवे बी आणा. विकतच्या पाकिटावर उगवणीचा किमान टक्का छापलेला असतो. प्रमाणित बियाण्यासाठी तो टमाटर आणि वांग्याला ७०, तर मिरचीला ६० आहे. मिरचीचे शंभरपैकी चाळीस दाणे उगवले नाहीत तरी ते बी नियमात बसते, हे पेरताना ध्यानात असू द्या.

रोपासाठी म्हणून फडके वापरायचे असेल तर ते जाड सालीच्या बियांना वापरा : दोडके, कारले, भोपळा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि सकाळी फडक्यात बांधा. पाण्यात त्याहून जास्त ठेवू नका, कारण बुडालेल्या बियाला हवा मिळत नाही. कोंब अर्धा सेंटिमीटर झाला की पेरून टाका. मूळ लांब होऊन फडक्याच्या विणीत घुसले की काढताना तुटते, आणि टोक तुटलेले मूळ नीट वाढत नाही. टमाटर-वांग्याचे बारीक बी एकेक उचलून लावणे किचकट असते. त्यांच्यासाठी ही पद्धत बी पारखण्यापुरती ठेवा.

पद्धत दुसरी : घमेले किंवा पसरट खोका

सासूबाई सांगतात ती पद्धत म्हणजे पऱ्ह्यांचे लहान रूप. तुमच्या भागात धानाचे पऱ्हे टाकून तीन-चार आठवड्यांनी बांधीत रोवणी करायची परंपरा आहे. त्यामुळे एका जागी दाट उगवून दुसऱ्या जागी लावण्याचे तंत्र वरठीतल्या माणसाला शिकवावे लागत नाही. फरक एवढाच की भाजीचे रोप धानासारखे पाण्यात उभे राहू शकत नाही.

घमेल्याला तळाशी भोके हवीतच. माती निवडताना काळजी घ्या. कन्हार जमिनीची चिकण माती भांड्यात वाळली की विटेसारखी होते, आणि सिहारीवर पाण्याने पापुद्रा धरतो. मोरांड माती चाळून एक भाग, जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग घ्या. वाळूऐवजी धानाचे अर्धवट जाळलेले काळे तूस चालते. ते हलके असते, पाणी धरते आणि निचराही करते. पूर्ण जळून पांढरी झालेली राख मात्र क्षारयुक्त असते, ती टाळा.

बी फेकू नका, ओळीत पेरा. दोन ओळींत चार बोटे अंतर ठेवा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल गेले की पुरे. दोन खरी पाने आली की रोपे वेगवेगळ्या पिशव्यांत हलवा. हलवताना रोप पानाला धरून उचला, खोडाला धरू नका. पान फाटले तर दुसरे येते, खोड चेपले तर रोप जाते. टमाटरला ही पद्धत उत्तम मानवते, कारण मातीत गाडलेल्या खोडालाही नवी मुळे फुटतात. हलवताना ते थोडे खोल लावले तर उलट बळकट होते. वांगेही सोसते. मिरची सावकाश सावरते.

पद्धत तिसरी : खाचांचा ट्रे आणि कोकोपीट

पुतण्या म्हणतो तो ट्रे म्हणजे प्रो-ट्रे. टमाटर, वांगी, मिरचीसाठी साधारण ९८ खाचांचा ट्रे वापरतात. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ही रीत भाजीपाल्यासाठी शिफारस केली आहे आणि आज महाराष्ट्रातल्या बहुतेक व्यावसायिक रोपवाटिका तीच वापरतात. एका खाचेत एक बी, त्यामुळे प्रत्येक रोपाची मुळे स्वतंत्र राहतात. लावताना मुळांचा गड्डा अखंड निघतो आणि रोप कोमेजत नाही. संकरित बी महाग असते, तिथे ही बचत मोठी ठरते.

उणिवाही माहीत असाव्यात. खाच लहान असल्याने ती लवकर सुकते. मार्च-एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते पाण्यात भिजवून, पिळून, एकदोनदा धुऊन घ्या. त्यात अन्नही जवळजवळ नसते. तिसरा-चौथा हिस्सा गांडूळखत मिसळा, नाहीतर खरी पाने आल्यावर विरघळणारे खत अगदी पातळ करून द्या. शेवटची गोष्ट वेळेची. टमाटर साधारण २१ ते २५ दिवसांत, वांगे ३० ते ३५ आणि मिरची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येते. त्यानंतरही ट्रेमध्ये ठेवले तर मुळे गोल फिरून गुंततात आणि पुढे झाड खुरटते.

पद्धत चौथी : द्रोण, कागदी पेला, पिशवी

दोडके, कारले, भोपळा, काकडी यांना मुळाला धक्का लागलेला चालत नाही. त्यांना असे भांडे हवे की जे रोपासकट जमिनीत जाईल किंवा फाडून सहज काढता येईल. वर्तमानपत्राचे पेले करता येतात, दुधाच्या रिकाम्या पिशव्याही चालतात. तुमच्या भागात पळसाला तोटा नाही. पळसाच्या पानांचा खोलगट द्रोण दोन-तीन आठवडे टिकतो आणि नंतर मातीत कुजून जातो. कागदाचा पेला गाडताना त्याची कड मातीवर उघडी ठेवू नका, ती आतली ओल शोषून हवेत सोडते. अंड्याच्या कागदी ट्रेचा मात्र मोह नको. त्याची खोली इतकी कमी असते की दोडक्याचे मूळ आठवड्यात तळाला टेकते.

मुळा, गाजर, पालक, मेथी, सांभार, भेंडी आणि बरबटी यांच्यासाठी घरात काहीच करू नका. त्यांचे बी थेट वाडीत पेरा. मुळा-गाजर हलवले की वाकडे होते, आणि बाकीची पिके जागच्या जागी झपाट्याने उगवतात.

रोपे आडवी का पडतात?

याची दोन कारणे आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिले कारण उजेडाचे. दिवसा घराच्या खोलीत साधारण काहीशे लक्स उजेड असतो. भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो. आपले डोळे दोन्हींकडे सरावतात, म्हणून खोली आपल्याला उजळ वाटते. रोप फसत नाही. उजेड कमी पडला की ते खोड लांबवत उजेडाकडे धावते, आणि असे खोड स्वतःचा भार पेलू शकत नाही. यावर उपाय एकच : पहिला कोंब दिसला त्याच दिवशी भांडे बाहेर काढा. उरलेले बी उगवण्याची वाट पाहू नका. पूर्वेकडच्या ओसरीत सकाळचे कोवळे ऊन द्या आणि हळूहळू वेळ वाढवा. दुपारी शेडनेट किंवा पातळ धोतराची सावली पुरते. थंडीच्या रात्री भांडे पुन्हा आत घेता येते, आणि घरच्या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे.

दुसरे कारण बुरशीचे. रोप लांबुडके नाही, पण खोड जमिनीलगत पिचून, पाणचट होऊन कोसळले, तर तो मर रोग आहे, ज्याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी सतत ओल्या, दाट आणि हवा न खेळणाऱ्या जागी माजतात. बी विरळ पेरा. पाणी सकाळी द्या, आणि शक्य असेल तर भांडे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल घेऊ द्या. वरची माती किंचित सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नका. पेरण्यापूर्वी बियाला ट्रायकोडर्मा चोळा. त्याचे प्रमाण किलोला ५ ग्रॅम, म्हणजे घरच्या पाकिटाला चिमूटभर पुरे. भांड्यातल्या मातीवर आधी उकळते पाणी ओतून ती निथळू आणि थंड होऊ दिली तरी बराच फरक पडतो.

वाडीत गादीवाफ्यावर रोपे करणाऱ्यांसाठी विदर्भाचा उन्हाळा हे मोठे हत्यार आहे. मे महिन्यात वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवले की आतली माती तापून बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी मरते. इस्रायलमधील याकोव्ह कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हे तंत्र शास्त्रशुद्ध मांडले. पावसाळी मिरचीसाठी ते करून पाहण्यासारखे आहे.

बाहेर काढलेल्या रोपांना पांढरी माशी आणि फुलकिडे यांपासून जपायला हवे. मिरचीवर कोकडा येतो त्याची सुरुवात कित्येकदा रोपातच झालेली असते. जुनी मच्छरदाणी पांढऱ्या माशीला अडवत नाही, तिची भोके मोठी असतात. ४० ते ५० मेशची बारीक नायलॉन जाळी घ्या आणि काठ मातीत दाबून ठेवा.

तुमच्या वाडीसाठी

मिरची : ट्रेमध्ये, सगळ्यात आधी पेरा, कारण तिला सर्वांत जास्त दिवस लागतात. वांगे : ट्रे किंवा घमेले, मिरचीनंतर आठवड्याने. टमाटर : घमेल्यात, वांग्यानंतर साधारण दहा दिवसांनी. दोडके : थंडी ओसरू लागली की बी भिजवून, फडक्यात कोंब आणून द्रोणात, आणि दोन-तीन पाने येताच जमिनीत. अशाने चारही पिके जवळपास एकाच वेळी लावणीला येतील. लावणीआधी आठवडाभर पाणी थोडे कमी करा आणि रोपे दिवसभर उन्हात राहू द्या. लावणी संध्याकाळी करा.

वाडी मोठी असेल आणि काही विचारायचे असेल तर साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे. रोपे विकण्याचा विचार मनात आला तर कृषी विभागाच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी ती योजना अनुदान देते.

यंदा खर्च करायचा झाला तर ट्रे एकच घ्या आणि तो मिरचीला द्या. बाकी तिन्ही पिकांना लागणारे सगळे तुमच्या घरात आणि गावात आहे. सासूबाईंचे घमेले, काकूंचे फडके आणि पुतण्याचा ट्रे, तिन्ही कामाला लावा. फक्त कोंब दिसल्या दिवशी त्यांना ओसरीत न्यायला विसरू नका.